कॉर्डलेस ड्रिल घेण्याआधी आपली भिंत ओळखा

जुळे सोलापुरातल्या नव्या फ्लॅटमध्ये पडदे लावायचे म्हणून माझ्या पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात १२ व्होल्टचे एक छोटे कॉर्डलेस ड्रिल मशीन विकत आणले. कपाटाच्या फळ्या, देवघराची दारे, चपलांचे स्टँड ही कामे त्या मशीनने विनातक्रार केली. पण पडद्याच्या दांडीसाठी खिडकीच्या वर भोक पाडायला घेतले, तेव्हा बिट, म्हणजे मशीनच्या तोंडात बसवलेली भोक पाडणारी काडी, सेंटीमीटरभर आत गेले आणि पुढे नुसतेच फिरत राहिले. "काका, मशीनमध्ये दमच नाही, उद्या बदलून आणतो," असे तो म्हणाला. मी त्याला थांबवले, कारण दोष मशीनचा नव्हता. खिडकीच्या चौकटीवरचे भिंतीचे वजन पेलण्यासाठी तिथे काँक्रीटची आडवी पट्टी ओतलेली असते, जिला लिंटेल म्हणतात, आणि पडद्याची दांडी बहुतेक वेळा नेमकी याच पट्टीवर येते. घरातले सर्वांत नेहमीचे काम घरातल्या सर्वांत कठीण जागी करावे लागते, ही गोष्ट मशीन खरेदी करताना सहसा कोणी सांगत नाही.

दुकानात गेल्यावर चर्चा व्होल्ट, वॉरंटी आणि सोबत मिळणाऱ्या शंभर वस्तूंच्या पेटीची होते. माझे मत असे आहे की या चर्चेला हात घालण्याआधी आपल्या घरातल्या भिंती कशाच्या आहेत हे पाहावे, कारण मशीन कोणते घ्यायचे आणि पैसा मशीनवर घालायचा की बिटांवर, हे दोन्ही प्रश्न त्यातून जवळजवळ आपोआप सुटतात.

सोलापुरात एकाच कुटुंबाच्या जुन्या आणि नव्या घरांत मिळून चार प्रकारच्या भिंती सापडू शकतात. जुन्या पेठांमधल्या वाड्यांच्या जाड भिंती काळ्या दगडाच्या असतात आणि दगडांच्या मधल्या जागेत माती किंवा चुना भरलेला असतो. त्यानंतरची घरे भाजलेल्या लाल विटेची आहेत. अलीकडच्या इमारतींमध्ये विटेच्या जागी सिमेंटचे ठोकळे किंवा वजनाला अतिशय हलके, सच्छिद्र असे एएसी ब्लॉक वापरले जातात. आणि भिंत कशाचीही असली, तरी आधुनिक बांधकामातले कॉलम, बीम, लिंटेल आणि स्लॅब काँक्रीटचेच असतात.

यांच्या कठीणपणातला फरक डोळ्यांनी दिसत नाही, कारण वरून सगळ्यांना प्लास्टर आणि रंग सारखाच असतो. साधी भाजलेली वीट दर चौरस मिलिमीटरला बहुधा ३.५ ते १० न्यूटन इतका दाब सोसते, आणि एएसी ब्लॉक त्याहून नरम, साधारण ३ ते ५ न्यूटनचा असतो. घरबांधणीत नेहमी वापरले जाणारे एम-२० दर्जाचे काँक्रीट २८ दिवसांनी २० न्यूटनपर्यंत पोहोचते. आपला काळा दगड म्हणजे बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हारसाचा गोठलेला थर. न झिजलेल्या बसाल्टची हीच क्षमता १०० न्यूटनच्याही पुढे जाते. इथे सोलापूरकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आपल्याकडे काँक्रीटमध्ये जी खडी पडते, ती याच काळ्या दगडाची असते. त्यामुळे लिंटेलमध्ये भोक पाडताना बिट सिमेंट-वाळूच्या भागातून काही अंतर बरे जाते आणि एखाद्या खडीवर आपटले की एकाएकी थांबते. पुतण्याचे बिट सेंटीमीटरभर जाऊन थांबले, ते याच कारणाने.

भिंत ओळखण्याची सोपी परीक्षा म्हणजे भोकातून पडणारी भुकटी. पहिला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर प्लास्टरचा असल्यामुळे सुरुवातीला सगळीकडे राखाडी भुकटीच पडते, म्हणून तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. त्यानंतर लाल भुकटी पडू लागली, तर वीट आहे. फिकट, रव्यासारखी भुकटी भराभर पडत असेल आणि बिट लोण्यात जावे तसे जात असेल, तर एएसी ब्लॉक आहे. राखाडी, पिठासारखी बारीक भुकटी थोडी थोडी पडत असेल आणि मशीन मध्येच अडत असेल, तर काँक्रीट. भुकटी काळपट असेल आणि आवाज टणत्कारासारखा येत असेल, तर दगड लागला आहे. कपाटामागे झाकल्या जाणाऱ्या एखाद्या जागी ५ किंवा ६ मिलिमीटरचे एकच चाचणीचे भोक पाडले, तरी त्या भिंतीबद्दलची शंका फिटते.

आता मशीन काय करते ते पाहू. लाकूड आणि लोखंड ही कापली जातात. म्हणजे धारदार कडा फिरत राहते आणि पदार्थाची साल निघत जाते. पूर्वीच्या सुताराचे गिरमिट हेच काम हाताने करीत असे. वीट, काँक्रीट आणि दगड हे मात्र कापले जात नाहीत, त्यांचा चुरा करावा लागतो, आणि चुरा करण्यासाठी ठोका लागतो. या फरकामुळे बाजारात तीन वेगळी मशीने आहेत, आणि नावे सारखी वाटत असल्यामुळे त्यांच्यात गोंधळ होतो.

पहिले मशीन नुसते फिरणारे, ज्याला ड्रिल ड्रायव्हर म्हणतात. ते लाकूड, पत्रा, प्लॅस्टिक यांत भोके पाडते आणि स्क्रू आवळते. दुसरे इम्पॅक्ट ड्रिल किंवा हॅमर ड्रिल. त्याच्या आत दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि त्या फिरताना दाते एकमेकांवरून घसरत उड्या मारतात, त्यामुळे बिट फिरता फिरता मागेपुढे थरथरते. एका फेरीत पंधराएक उड्या धरल्या आणि मशीन मिनिटाला १५०० फेरे मारत असेल, तर मिनिटाला वीस-बावीस हजार ठोके होतात. संख्या मोठी दिसते, पण प्रत्येक ठोका अगदी हलका असतो आणि त्याचा जोर आपण मागून किती रेटतो यावर अवलंबून राहतो. विटेला हा ठोका पुरतो. काँक्रीटमध्ये एखाददुसऱ्या भोकापुरता निभाव लागतो. दगडापुढे तो चालत नाही.

तिसरे मशीन रोटरी हॅमर. त्याच्या आत एका नळीत दट्ट्या पुढेमागे होतो, त्याच्यापुढे कोंडलेली हवा दाबली जाते आणि ती हवा एका जड लोखंडी ठोकळ्याला बिटाच्या मागच्या टोकावर आदळवते. इथे ठोके मिनिटाला चार-पाच हजारच असतात, पण प्रत्येक ठोक्यात खरा दम असतो. घरगुती आकाराच्या मशीनमध्ये तो साधारण दीड ते अडीच ज्यूल इतका मोजला जातो. हा जोर आपल्या हातातून येत नसल्यामुळे मशीनला नुसते सरळ धरून ठेवावे लागते. त्याचे बिटही वेगळे असते: मागच्या दांड्याला खाचा असतात, ते चकमध्ये, म्हणजे साध्या ड्रिलच्या बिट पकडणाऱ्या जबड्यात, आवळावे लागत नाही, नुसते खटकन बसते आणि आत थोडे सरकू शकते. या पद्धतीला एसडीएस प्लस म्हणतात. साध्या ड्रिलच्या चकमध्ये हे बिट वापरू नये आणि साधे गोल दांड्याचे बिट रोटरी हॅमरमध्ये बसत नाही, हे खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्यावे.

इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचे आणखी एक आखूड, बुटके मशीन असते. नावात इम्पॅक्ट असले, तरी त्याचा ठोका फिरण्याच्या दिशेने असतो, भिंतीच्या दिशेने नसतो. लांब स्क्रू आणि नट-बोल्ट आवळण्यासाठी ते फार उत्तम आहे, पण भिंतीत भोक पाडायला ते घेतले, तर निराशा होईल. ऑनलाइन खरेदीत ही चूक अनेकांच्या हातून होते.

व्होल्टबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच ग्राहकाची सर्वांत जास्त दिशाभूल होते. कॉर्डलेस मशीनच्या बॅटरीत लिथियम-आयनचे अनेक छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि वापर सुरू नसताना, नुकताच चार्ज केलेला सेल ४ व्होल्टच्या आसपास किंवा थोडे वर दाखवतो. तीन सेल जोडले, तर हिशेब १०.८ व्होल्टचा होतो, पण खोक्यावर १२ लिहिले जाते. पाच सेल जोडले, तर १८ व्होल्ट होतात, आणि तीच बॅटरी काही कंपन्या '२० व्होल्ट मॅक्स' या नावाने विकतात. म्हणजे १८ आणि २० यांत वस्तुतः काहीच फरक नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे ठळक आकडे मिरवणारी स्वस्त मशीने. या 'व्हीएफ'ला विजेच्या मोजमापात काही अर्थ नाही. आत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात. आपण आकड्याच्या मोठेपणावर जाऊ नये, बॅटरीवरचे बारीक अक्षरांतले लेबल वाचावे.

त्या लेबलवर व्होल्टसोबत अँपिअर-अवर हा आकडा असतो. व्होल्टला टाकीतल्या पाण्याची उंची मानले, तर अँपिअर-अवर म्हणजे टाकीत मावणारे पाणी. उंची जास्त तर धार जोरात पडते, पाणी जास्त तर ती जास्त वेळ चालते. या दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की वॅट-अवर मिळतात, म्हणजे बॅटरीत साठलेली एकूण ऊर्जा. १२ व्होल्टच्या नावाने मिळणाऱ्या २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत १०.८ गुणिले २, म्हणजे २१.६ वॅट-अवर असतात. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६. तर १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ७२. दोन कंपन्यांची तुलना करायची असेल, तर हा एक आकडा प्रामाणिक असतो. मला स्वतःला घरासाठी एका मोठ्या बॅटरीपेक्षा २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या जास्त सोयीच्या वाटतात. एक कामात असताना दुसरी चार्ज होते आणि मशीन हाताला हलके राहते, जे शिडीवर उभे राहून डोक्याच्या वर काम करताना फार महत्त्वाचे ठरते. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही, त्यामुळे पहिले मशीन घेताना आपण खरे तर पुढच्या अनेक वर्षांचे बॅटरीचे घराणे निवडत असतो. बॉश, मकिता किंवा डीवॉल्ट यांपैकी कोणतेही असो, त्या बॅटरीवर चालणारी इतर मशीने कोणती आहेत आणि सोलापुरात तिची दुरुस्ती कोण करते, हे आधी विचारावे.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. १२ व्होल्टच्या मशीनचा साधारण २५ ते ३५ आणि १८ व्होल्टच्या घरगुती मशीनचा ४५ ते ६० असतो. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा एकदम घट्ट अडणाऱ्या कामातला असतो. लाकडात स्क्रू हळूहळू घट्ट होत जातो, त्या कामातला टॉर्क त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो आणि माहितीपत्रकात 'सॉफ्ट' या नावाने वेगळा दिलेला असतो. मशीनच्या डोक्यावरचे १ आणि २ हे आकडे गिअरचे आहेत. १ वर वेग कमी आणि जोर जास्त, म्हणून स्क्रू आवळायला आणि मोठ्या भोकांना ते वापरावे. २ वर वेग जास्त, म्हणून बारीक भोकांना आणि भिंतीला ते योग्य. गिअर मशीन पूर्ण थांबल्यावरच बदलावा. पुढच्या कड्यावरचे आकडे क्लचचे असतात: ठरावीक जोर झाला की कट्-कट् आवाज करत मशीन पुढे पिळायचे थांबते, त्यामुळे स्क्रूचे डोके सनमायक्यात रुतत नाही. लहान आकड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत जावे. भोक पाडताना मात्र कडे बिटाच्या चित्रावर आणावे, नाहीतर मशीन कमजोर आहे असा उगाच गैरसमज होतो.

कार्बन ब्रश (मोटारीच्या आत घासत वीज पोहोचवणारे तुकडे) नसलेल्या, म्हणजे ब्रशलेस मोटारीत घर्षण कमी, बॅटरी जास्त वेळ पुरते आणि ब्रश बदलावे लागत नाहीत. वर्षातून दहा-बारा वेळा मशीन हातात घेणाऱ्या माणसाचे ब्रशलेस मोटारीवाचून काही अडत नाही. त्या फरकाचे पैसे मी बिटांवर घालीन. चक १० मिलिमीटरचा आहे की १३ चा, हे मात्र पाहावे, आणि दुकानातच त्यात एक सरळ नवे बिट लावून मशीन हळू फिरवून बघावे. बिटाचे टोक डोळ्याला दिसेल इतके थरथरत असेल, तर ते मशीन कितीही नामांकित असले तरी परत ठेवावे; त्याने पाडलेले प्रत्येक भोक मापापेक्षा मोठे होईल.

तर कोणी काय घ्यावे? ज्यांचे काम फर्निचर, कपाटे, प्लायवूड आणि पत्र्यापुरते आहे, त्यांनी १२ व्होल्टचे साधे ड्रिल ड्रायव्हर घ्यावे. ज्यांच्या घराच्या भिंती विटेच्या किंवा ब्लॉकच्या आहेत, त्यांनी १८ व्होल्टचे, हॅमरची सोय असलेले, १३ मिलिमीटर चकचे मशीन घ्यावे. बहुतेक घरांना माझी शिफारस हीच राहील. दगडी वाड्यात राहणाऱ्यांनी आणि बीम-कॉलममध्ये वारंवार भोके पाडावी लागणाऱ्यांनी कॉर्डलेसचा हट्ट धरू नये, त्यांना रोटरी हॅमरच हवा. वर्षातून चारच भोके काँक्रीटमध्ये पाडायची असतील, तर ओळखीच्या वायरमनकडून किंवा भाड्याने वायरचा रोटरी हॅमर तासाभरासाठी आणणे शहाणपणाचे आहे. पुतण्याच्या खिडक्यांचे आम्ही तसेच केले आणि आठ भोकांचे काम पाव तासात झाले. त्याचे १२ व्होल्टचे मशीन त्याच्याकडेच आहे, आणि त्याच दांड्यांचे स्क्रू त्याने त्याच मशीनने आवळले.

जुन्या वाड्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या भिंतींमध्ये बांधतानाच लाकडी खुंट्या बसवलेल्या असत आणि वस्तू ठेवायला कोनाडे असत, कारण नंतर भोक पाडणे कठीण आहे हे गवंड्याला ठाऊक होते. अशा भिंतीत दोन दगडांमधल्या मातीच्या सांध्यात बिट झरझर जाते खरे, पण तिथे प्लग (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची नळी) धरत नाही आणि वजन टांगले की भोवतालची मातीच निघून येते. हलकी वस्तू असेल तर जुन्या खुंटीचा उपयोग करावा, जड असेल तर रोटरी हॅमरने दगडातच भोक पाडावे.

आता बिटांकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात घरगुती कामातले निम्म्याहून अधिक अपयश चुकीच्या किंवा बोथट बिटाचे असते आणि त्याचा दोष मशीनच्या माथी मारला जातो. मशीनसोबत मिळणाऱ्या शंभर वस्तूंच्या पेटीतली बिटे बहुधा इतकी नरम असतात की चार भोकांनंतर त्यांची धार जाते. त्यापेक्षा कामाची सहा-सात चांगली बिटे सुटी घ्यावीत.

भिंतीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची एक छोटी तुकडी पितळेसारख्या धातूने डाखलेली असते. तिच्यावर बोट फिरवले तर ती धारदार लागत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तिचे काम चुरा करण्याचे आहे. तुकडीची रुंदी दांड्यापेक्षा किंचित जास्त असते, हीच या बिटाची ओळख. दांड्यावरचा नागमोडी पन्हाळ भुकटी बाहेर आणण्यासाठी असतो. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पेटंट घेतलेल्या पीळदार बिटाची ही कल्पना आजतागायत बदललेली नाही. हा पन्हाळ भुकटीने तुंबला, तर बिट आत अडकते आणि तापते, आणि फार तापले तर डाख सुटून टोकाची तुकडी भिंतीतच राहते. म्हणून दर पाच-सात सेकंदांनी बिट फिरते ठेवूनच थोडे बाहेर ओढावे, भुकटी पडू द्यावी आणि पुन्हा आत न्यावे. तापलेले बिट पाण्यात बुडवू नये, त्याने कार्बाइडला चीर जाते. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवूनच भोक पाडावे, नाहीतर भोक नरसाळ्यासारखे रुंद होते आणि प्लग सैल बसतो.

टाइल्सच्या बाबतीत हॅमर बंद हा नियम मोडू नये. न्हाणीघराच्या भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या पात्यासारखे टोक असलेले काचेचे बिट चालते. व्हिट्रिफाइड टाइल आणि ओट्याचा ग्रॅनाइट यांना ते पुरत नाही. त्यांना हिऱ्याच्या कणांचा लेप असलेले पोकळ, नळीसारखे बिट लागते, आणि ते पाण्याने सतत ओले ठेवावे लागते. खुणेच्या जागी कागदी चिकटपट्टी लावली, तर बिट घसरत नाही. हिऱ्याचे बिट सुरुवातीला थोडे तिरके धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडावी आणि मग सावकाश सरळ करावे. टाइल पार झाली की बिट बदलून भिंतीचे लावावे, आणि हॅमर त्यानंतरच सुरू करावा. आपल्याकडच्या शहाबादी फरशीचा दगड चुनखडीचा आहे. तो नरम असला तरी त्यात थर असतात, त्यामुळे ठोक्याने त्याचा कपचा उडतो. त्यालाही हॅमर लावू नये.

लोखंडासाठी एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचे बिट घ्यावे. साध्या पोलादाची धार २५० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागते, तर एचएसएसची धार ६०० अंशांच्या जवळपास तग धरते. तरीही घरगुती कामात ही बिटे जळतात, कारण आपण मशीन फार जोरात फिरवतो. योग्य वेग काढण्याचे गणित सोपे आहे. साध्या लोखंडासाठी बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला, तर २५,००० ला बिटाच्या परिघाने, म्हणजे ३.१४ गुणिले मिलिमीटरमधल्या व्यासाने, भागावे. ६ मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सुमारे १३०० फेरे येतात आणि १० मिलिमीटरच्या बिटाला सुमारे ८००. बिट मोठे, तसा वेग कमी. स्टेनलेस स्टीलला कडेचा वेग १० मीटर धरावा, म्हणजे ६ मिलिमीटरला ५३० च्या आसपास फेरे. आणि तिथे दाब मात्र ठाम ठेवावा, कारण बिट नुसते घासत राहिले तर स्टेनलेसचा तो भाग आणखी कडक होतो आणि मग कोणतेच बिट आत जात नाही. स्टेनलेसला कोबाल्टमिश्रित बिट घेतलेले बरे. खिडकीची ग्रिल असो की अँगल, आधी सेंटर पंचने खूण ठोकावी, दोन थेंब तेल टाकावे, आणि निघणारी साल निळी पडू लागली तर वेग लगेच कमी करावा. पत्र्याच्या शेडला मारायचे स्क्रू स्वतःच्याच टोकाने भोक पाडतात, त्यांना वेगळे बिट लागत नाही. चकमध्ये त्यांच्या डोक्याच्या मापाचा सॉकेट लावला की पुरे.

लाकडासाठी मध्ये सुईसारखे टोक असलेले बिट घ्यावे, ते ठरलेल्या जागेवरून हलत नाही. प्लायवूडच्या मागे एक टाकाऊ फळी घट्ट धरली, तर पलीकडच्या बाजूचा पापुद्रा फाटत नाही. स्क्रूच्या आधी त्याच्या गाभ्याएवढे बारीक भोक पाडण्याचा कंटाळा करू नये, विशेषतः सागवानाच्या काठाजवळ, जिथे लाकूड हमखास चिरते. स्क्रू आवळायच्या टोकाला दुकानात स्टार म्हणतात. घरातल्या बहुतेक स्क्रूंना पीएच-२ हे माप लागते. ते झिजले की स्क्रूचे डोके खराब करते, म्हणून दोन-तीन जास्तीची ठेवावीत.

भोक चांगले पडले तरी वस्तू टिकते ती प्लगमुळे. दुकानात ज्याला गिट्टी किंवा रावल प्लग म्हणतात, त्यातला 'रावल' हा शब्द इंग्लंडच्या रॉलिंग्ज या आडनावावरून आला. जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तो प्लग काढला, आणि आजचा नायलॉनचा प्लग जर्मनीच्या आर्टूर फिशर यांनी १९५८ मध्ये केला. स्क्रू आत जाताना प्लग फुगतो आणि भोकाच्या भिंतीला दाबून धरतो, एवढेच त्याचे तत्त्व. म्हणून प्लग आणि बिट एकाच मापाचे हवेत. ८ मिलिमीटरच्या प्लगला ८ चे बिट आणि साडेचार ते सहा मिलिमीटर जाडीचा स्क्रू. ६ च्या प्लगला ६ चे बिट आणि चार ते पाचचा स्क्रू. भोक प्लगपेक्षा सेंटीमीटरभर जास्त खोल असावे, म्हणजे तळाशी उरलेली भुकटी आड येत नाही. बिटावर त्या खोलीला चिकटपट्टीची खूण करावी. प्लास्टरची जाडी धरून प्लगचा बहुतेक भाग विटेत गेला पाहिजे, कारण प्लास्टर वजन पेलत नाही. १५ लिटरच्या गीझरमध्ये पाणीच १५ किलो असते आणि टाकीचे वजन वेगळे. त्याला आणि झोपाळ्याला प्लॅस्टिकचा प्लग लावू नये. गीझरला धातूचा अँकर फास्टनर लावावा, आणि झोपाळ्याचे काम स्लॅब-बीमची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरीची वेगळी काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४० ते ४५ अंशांची असते. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावली, तर चांगला चार्जर ती थंड होईपर्यंत थांबतो. साधा चार्जर थांबत नाही आणि बॅटरीचे आयुष्य कमी होते. अर्धा तास सावलीत ठेवावी आणि मग पहाटे किंवा रात्री चार्ज करावी. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मशीन ठेवू नये. महिनोन्‌महिने वापर नसेल, तर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास चार्ज करून, मशीनमधून काढून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

भोक पाडण्याआधी स्विचबोर्डाकडे बघावे. भिंतीतल्या वायरी बहुधा बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली गेलेल्या असतात, आणि नळाच्या पाइपही तोटीच्या सरळ रेषेत. त्या उभ्या-आडव्या पट्ट्यांत भोक पाडू नये. कॉर्डलेस मशीनचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा इथेच आहे. ते बॅटरीवर चालत असल्यामुळे घराचा मेन स्विच बंद करूनही काम करता येते. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला रुमाल लावावा, मेन बंद करावा, बोर्डावरचा दिवा लागत नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मगच भिंतीला बिट टेकवावे.